पानाच्या डावीकडचा पाहुणा

आपल्या पोटात कोण कोण राहतं याची चौकशी माणसाने कधी करू नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. चौकशी केली की उत्तर येतं. उत्तर आलं की ते बायकोला सांगावं लागतं, आणि मग घरात पोट सोडून दुसरा विषय उरत नाही.

हे झेंगट माझ्यामागे अंबरीषने लावून दिलं. अंबरीष आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो आणि जवळच्या तोयोसू भागातल्या ऑफिसात माझ्या समोर बसतो, त्यामुळे त्याच्या सल्ल्यांतून मी फक्त आंघोळीच्या वेळी सुटतो. एक दिवस डबा खाताना त्याने बातमी आणली की एका विद्यापीठाच्या संशोधन संस्थेला शाकाहारी भारतीय माणसं हवी आहेत. खाण्यामुळे पोटातले विषाणू कसे बदलतात, हे त्यांना बघायचं होतं. तो स्वतःच गेला असता, पण श्रावण सोडला तर उरलेल्या महिन्यांत तो शाकाहारी नसतो.

आता हे समजून घ्या की जपानात आल्यापासून मी माझ्या शाकाहाराबद्दल माफी मागत जगत होतो. कुठल्याही हॉटेलात 'यात मासा आहे का' असं विचारलं की समोरचा माणूस दातांमधून हवा आत ओढतो, मान तिरकी करतो आणि आत कुणाला तरी विचारायला जातो. परत येतो तो कुणी आजारी असल्यासारखा चेहरा करून. ऑफिसच्या पार्ट्यांमध्ये मी उकडलेल्या हिरव्या शेंगा सोलत बसायचो. अशा माणसाला एक संस्था म्हणते की तुमचं पोट आम्हाला हवं आहे. मी त्याच संध्याकाळी होकार कळवून टाकला.

नीलिमाला, म्हणजे माझ्या बायकोला, हे पटलं नाही. विषाणू असतील तर ते काढून टाकायचं औषध घ्यावं, मोजत काय बसायचं, असं तिचं म्हणणं होतं. तिला बरंच काही आधी कळतं, पण ती ते कारण न देता सांगते, म्हणून मी ऐकत नाही.

संस्थेतल्या संशोधक हिराता-सान बारीक आवाजात बोलणाऱ्या होत्या. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवून सगळं नीट समजावलं. हे विषाणू आपल्याला आजारी पाडणारे नव्हेत. आपल्या आतड्यात जंतू असतात, त्या जंतूंवर हे जगतात. प्रत्येक माणसाचा गोतावळा वेगळा, आणि तो वर्षानुवर्षं त्याच्याबरोबर राहतो. माणूस खाणं बदलतो तसे जंतू बदलतात, आणि जंतू बदलले की हेही बदलतात. शिवाय यातले पुष्कळसे झोपलेले असतात. जंतूंच्या आत गप्प पडून राहतात आणि एखाद दिवशी खाणं बदललं की जागे होतात.

जागे झाल्यावर काय करतात, असं मी विचारलं. आपापलं काम, असं म्हणून त्या हसल्या. ते हसू मला आवडलं नाही. त्यांच्या पाठीमागे पोलादी फ्रीझरची रांग मंद आवाजात घुमत होती. माझी नजर तिकडे गेलेली पाहून त्या म्हणाल्या की तिथे सगळे आहेत, पूर्वीपासूनचे. जुने फोटो दाखवताना आपण ज्या आवाजात बोलतो तोच त्यांचा आवाज होता.

ठरलं असं, की सुरुवातीचे काही आठवडे मी घरचं नेहमीचं जेवायचं, आणि दर शनिवारी हिराता-सान फोन करून काय काय जेवलो ते विचारणार. त्यानंतर संस्था स्वतःचे डबे पाठवणार आणि मी फक्त तेच खायचं. मधून मधून नमुना पाठवायचा. कसला नमुना, ते सांगत नाही.

हा नमुना थंड कुरिअरने पाठवावा लागतो, आणि कुरिअर घेतात कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे त्या चोवीस तास उघड्या दुकानात, जिथे मी रोज दूध घेतो. काउंटरवरच्या तरुणीने दोन्ही हातांनी खोकं घेतलं आणि आत काय आहे ते विचारलं. इथे खोटं बोलण्याची सोय नसते. मी म्हणालो, संशोधनाचं सामान. तिने नम्रपणे विचारलं की खाद्यपदार्थ आहे का. मागे माणसं उभी होती. मी म्हणालो, पूर्वी होता. तिने बराच विचार केला आणि 'नाशवंत' या शब्दापुढे खूण केली. त्या दिवसापासून मी दूध लांबच्या दुकानातून आणतो.

इथवर सगळं मानहानीकारक असलं तरी भीतीदायक नव्हतं. भीतीचा भाग आमच्या शेजारच्या दारातून आला.

शेजारी ओनोदेरा-सान नावाच्या आजी एकट्या राहत. उत्तरेकडच्या किनाऱ्यावर एक लहान बंदर होतं, तिथल्या त्या. भूकंपानंतर समुद्र आत आला तेव्हा ते गाव गेलं, आणि त्यांना सरकारने इथे आमच्या कोतो भागात घर दिलं. त्याला पाच-सहा वर्षं झाली होती. आमची ओळख लिफ्टमध्ये वाकून नमस्कार करण्याइतकीच होती. एका शनिवारी त्या स्वयंपाकघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. रुग्णवाहिकेची माणसं स्ट्रेचर घेऊन उभी होती, पण बाई काही केल्या स्ट्रेचरवर चढेनात. आम्ही दार उघडून पाहतो तर त्या जमिनीवर बसल्या जागेवरून माझ्याकडे बोट दाखवत होत्या.

आमची जुई इथल्याच शाळेत जाते, त्यामुळे घरात खरं जपानी तिलाच येतं. ती आजींशेजारी उकिडवी बसली आणि बातम्या वाचाव्यात तशी सांगू लागली. सिंकखाली एक बरणी आहे. तिच्यात तांदळाचा कोंडा आणि मीठ आहे, त्यात काकडी-वांगी पुरून लोणचं करतात. कोंडा रोज उघड्या हाताने ढवळावा लागतो, नाहीतर मरतो. कोंडा तिच्या नवऱ्याच्या आजीच्या वेळचा आहे. नवरा रोज संध्याकाळी पाचला ढवळायचा. समुद्र आत आला त्या दिवशी तो तिला म्हणाला की बरणी घेऊन तू टेकडीवर जा, मी मागाहून येतो.

"मग?" नीलिमाने विचारलं.

"मग नाही आला," जुई म्हणाली. "बाबा, तिला तुझा हात बघायचाय."

मी हात पुढे केला. आजींनी आपला वाळका पंजा माझ्या पंजाला लावला, बोटांशी बोटं जुळवून पाहिली आणि मान हलवली. त्याच्या हाताएवढाच आहे, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. मग शांतपणे स्ट्रेचरवर झोपल्या. अशा रीतीने कुणाच्याही संमतीविना ती बरणी आमच्या घरी आली. नीलिमाने ती आमच्या सिंकखाली ठेवली आणि हातावर पाणी घेतलं.

आमच्या भागात रोज संध्याकाळी पाचला नगरपालिकेच्या भोंग्यांवर एक संथ धून वाजते. मुलांनी घरी जावं म्हणून वाजते असं म्हणतात, आणि संकटाच्या वेळी भोंगे चालतात ना, याचीही त्यात रोजची परीक्षा होते. एका खांबावरून सुरू होते, कालव्यापलीकडच्या खांबावरून तीच धून किंचित उशिरा येते, आणि दोन्ही मिळून इमारतींमध्ये घुटमळत राहतात. माझी पाळी सकाळची असल्याने त्या वेळेला मी घरी असायचो आणि नीलिमा अजून भारतीय शाळेतल्या नोकरीवरून परतलेली नसायची. धून सुरू झाली की मी बाही वर करून बरणीत हात घालायचो. कोंडा वरून गार असायचा, पण खोल गेलं की कोमट. कुणी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणासारखा कोमट. एकदा तळाशी बोटांभोवती कोंडा असा घट्ट झाला की मला हात सोडवून घ्यावा लागला. कोंडा आंबताना ऊब धरतो आणि फुगतो, हे मी नंतर वाचलं. वाचून बरं वाटलं, पण हात घालताना वाचलेलं आठवत नसे.

आता बरणीत रोज भाजी पुरायची म्हटल्यावर ती बाहेरही काढावी लागणार. नीलिमा त्याला शिवेना, जुईला वास आवडेना. फेकून देणं आपल्या रक्तात नाही. तेव्हा ती काकडी मी खाऊ लागलो. पहिल्या दिवशी तोंड वाकडं झालं. आठवड्याभराने मी तिची वाट पाहू लागलो.

शनिवारी हिराता-सानांचा फोन आला की मी काय जेवलो ते इमानदारीने सांगायचो. पोळी, भात, वरण, फ्लॉवरची भाजी, ताक. काकडीचं मी बोललो नाही, आणि त्यात लबाडी नव्हती. आपल्याकडे पानाच्या उजवीकडे असतं ते जेवण. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं असतं ते तोंडी लावणं. काय जेवलास असं आईने विचारलं तर कुठला मराठी माणूस 'मीठ आणि लिंबाची फोड' असं सांगतो? डावी बाजू जेवणात धरत नाहीत, हे मला इतकं स्वाभाविक वाटलं की मनात प्रश्नच आला नाही.

बदल पहिल्यांदा नीलिमाच्या लक्षात आला. मी आल्यावर चपला काढून त्यांची तोंडं दाराकडे फिरवून ठेवतो, असं ती म्हणाली. इथे सगळेच ठेवतात, मी म्हणालो. ती म्हणाली की सगळे ठेवतात, पण तू चार वर्षांत कधी ठेवल्या नाहीस. मग मी गरम चहावर फुंकर घालायचा थांबलो. मग सुट्टीच्या दिवशी बाल्कनीत उभा राहून कालव्याचं पाणी बघू लागलो. भरती आहे की ओहोटी, हे मला न बघता कळू लागलं. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या माणसाला भरती-ओहोटी कळायचं काही कारण नाही.

आणि पोट बोलू लागलं. धून सुरू झाली की नेमकं गुरगुरायचं, आणि धून संपली की गप्प. एकदा ऑफिसच्या कामाने कावासाकीला गेलो होतो. संध्याकाळी मीटिंग चालू असताना तिथल्या भोंग्यावर कुठलीतरी वेगळीच धून लागली. माझ्या पोटाने असा आवाज केला की साहेबांनी बोलणं थांबवलं. खाली पाहतो तर टेबलाखाली माझा उजवा हात आपोआप गोल फिरत होता. मी दुसऱ्या हाताने तो धरून ठेवला.

अंबरीषला सांगितलं, ही चूक झाली. तो म्हणाला की ॲसिडिटी आहे, इनो घे. दुसऱ्या दिवशी म्हणाला की बरणी आग्नेयेला आहे, ती नैर्ऋत्येला हलव. तिसऱ्या दिवशी त्याने वरच्या मजल्यावरून कुणाची तरी गोष्ट आणली. दुसऱ्याच्या घरातली विरजणाची वाटी आणली की त्या घरातली भांडणंही येतात म्हणे. मग त्याने आवाज खाली आणून विचारलं की त्या आजींचे यजमान सापडले होते का. मी म्हणालो, नाही. त्यानंतर त्याने इनोचं नाव काढलं नाही.

याच सुमारास लिफ्टमध्ये सूचना लागली. एका मजल्यावरून तीव्र वास येत असून रहिवाशांनी परस्परांचा विचार करावा, अशी अतिशय सभ्य भाषा होती. मजला आमचा होता. लिफ्टमध्ये शिरणारा प्रत्येक जण आधी सूचना वाचायचा आणि मग माझ्याकडे न बघण्याची काळजी घ्यायचा. संध्याकाळी इमारतीचे व्यवस्थापक दारात आले, तीनदा वाकले आणि मसाल्यांच्या संस्कृतीबद्दल त्यांना किती आदर आहे ते सांगू लागले. हा वास शंभर टक्के जपानी आहे, तुमच्याच माणसाच्या आजीच्या वेळचा आहे, हे मला ठणकावून सांगायचं होतं. पण तेवढं जपानी मला येत नाही आणि जुई शिकवणीला गेली होती. मीही तीनदा वाकलो. देशाची एवढी मानहानी माझ्यामुळे आजवर झाली नव्हती.

मी ती मानहानी गिळली, पण नीलिमाला ती सहन झाली नाही. ती कामाला लागली. तिच्या मते हे शेवटी लोणचंच होतं आणि बिघडत चाललं होतं, आणि लोणचं कसं टिकवायचं हे तिला सात पिढ्यांपासून माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी घरी यायच्या आत तिने बरणीत हळद घातली, भाजून कुटलेली मेथी घातली, मोहरीची डाळ घातली, हिंग घातला आणि वरून तेलाची फोडणी ओतली. फोडणी पूर्ण थंड करून घातली, हे तिने नंतर मला अनेकदा सांगितलं. त्यासाठी ती शाळेतून लवकर आली होती.

घरात कैरीच्या लोणच्याचा सुरेख वास सुटला होता. व्यवस्थापक भेटले तेव्हा त्यांनी आभार मानले. आता इमारतीत खराखुरा भारतीय वास येत होता आणि कुणाची तक्रार नव्हती.

पाचला धून सुरू झाली. मी बाही वर करून हात घातला. वर गार, मध्ये गार, तळाशीही गार. कोपरापर्यंत चाचपडलो. पिवळा, तेलकट, ओला कोंडा, बस. आत कुणी नव्हतं. मी तसाच गुडघ्यांवर बसून राहिलो आणि मला रडू आलं. ओळख नसलेल्या माणसासाठी रडू यावं हे विचित्र होतं, पण आलं. आणि त्याच वेळी माझ्या पोटात गुरगुरलं, नेहमीपेक्षा मोठ्याने. नीलिमा दारात उभी होती. तिने ऐकलं. ती देवाजवळ दिवा लावायला गेली.

दुसऱ्याच दिवशी हिराता-सानांनी मला बोलावून घेतलं. दार लावून त्यांनी विचारलं की पाठवलेले नमुने माझेच आहेत ना. माझ्या प्रामाणिकपणावर आजवर अनेकांनी शंका घेतली आहे, पण या पातळीवर कुणी घेतली नव्हती. माझेच आहेत, मी म्हणालो, दुसरा कोण देणार? त्या अवघडल्या. म्हणाल्या की सुरुवातीचे नमुने एका माणसाचे आहेत आणि नंतरच्यांत दुसरा माणूस दिसू लागला आहे. कुणाचे विषाणू कुणाशी जुळत नाहीत, असं त्यांचं शास्त्र सांगतं. माझे एका जुन्या नमुन्याशी जुळत होते. उत्तरेकडच्या एका बंदरात भूकंपाच्या आदल्या वर्षी त्यांनीच गोळा केलेल्या नमुन्यांपैकी एक. नाव त्या सांगू शकत नव्हत्या, त्यासाठी समितीची परवानगी लागते आणि समिती वसंतात बसते.

"ते गृहस्थ आता नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्ही घरच्या जेवणाशिवाय काही खाल्लंत का?"

मी नाही म्हणणार होतो. मग मला पान आठवलं. त्यांच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास मधोमध ठेवून मी त्यांना भात कुठे, भाजी कुठे आणि डावी बाजू कुठे ते दाखवलं, आणि डावीकडे बोट ठेवून कोंड्याच्या बरणीचं सगळं सांगितलं. त्यांनी त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. पाठीमागे फ्रीझर घुमत होते.

त्या म्हणाल्या की खरं तर असं व्हायला नको. कदाचित नमुन्यांची सरमिसळ असेल, कदाचित त्या घराचं सगळं खाणं आणि सगळे हात त्या कोंड्यात मुरले असतील, त्या खात्रीने काही सांगणार नाहीत. एक मात्र आहे. सोमवारपासून संस्थेचे डबे सुरू होतील. ते खाल्ले की हे बहुतेक निघून जातील आणि मी पूर्ववत होईन.

घरी येऊन मी नीलिमाला सांगितलं. ती म्हणाली की सोमवारपर्यंत थांबू नकोस, आजपासून डबे मागव. संसार दोघांचा असतो, ती म्हणाली, मला घरात तिसरा पुरुष नको, आणि तुझ्या आत तर नकोच. तिचं चुकत नव्हतं. मलाही रात्री कूस बदलताना वाटायचं की आपण दोघे वळतो आहोत. पण बरणी मेली होती. आजी टेकडीवर जे उचलून नेऊन एवढी वर्षं सांभाळत होत्या, ते आम्ही फोडणी घालून मारलं होतं. जे काही उरलं होतं ते माझ्या आत होतं, आणि सोमवारपासून तेही जाणार होतं. हे निदान त्यांना सांगायला हवं होतं.

रविवारी आम्ही तिघं रुग्णालयात गेलो. मी बरणी फडक्यात गुंडाळून घेतली होती. ओनोदेरा-सान खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या, आधीपेक्षा लहान झालेल्या. मी झाकण उघडलं. त्यांनी पिवळ्या कोंड्यावर हात ठेवला, खोल घातला, आणि हळूच बाहेर काढून टॉवेलला पुसला. नीलिमाने मराठीतच माफी मागितली. मी केलं, ती म्हणाली, चांगलं व्हावं म्हणून केलं. आजींनी तिचा हात थोपटला, पण बघत होत्या खिडकीबाहेर.

मग मी जुईला म्हटलं की हिराता-सान काय म्हणाल्या ते सांग. जुईला ते दोनदा समजावून द्यावं लागलं. शेवटी तिने आजींच्या कानाशी वाकून तिच्या पद्धतीने सांगितलं. ते बरणीत नाहीत, पण बाबाच्या पोटात आहेत, थोडे.

ओनोदेरा-सान माझ्याकडे वळल्या. मग मला जवळ बोलावलं. मी खाटेशी गेलो. त्यांनी आपला पंजा माझ्या शर्टावर, बेंबीच्या जरा वर ठेवला. तेवढ्यात बाहेर पाचची धून सुरू झाली, आधी जवळची, मग लांबची, आणि त्यांच्या तळहाताखाली माझं पोट गुरगुरलं.

इथे एक रीत आहे. घरी येणारा दारात 'तादाइमा' म्हणतो, आलो. घरातला माणूस म्हणतो 'ओकाएरी', आलास, ये. जुई रोज म्हणते. मी कधी म्हणालो नाही, मी दारातून 'आलो गं' अशी हाक मारतो, कारण आपल्या घरात आपण परक्या भाषेत का शिरावं.

आजी वाकल्या. मला नव्हे, माझ्या पोटाला. "ओकाएरी," त्या म्हणाल्या, आणि मग आणखी काहीतरी, अगदी हळू.

"उशीर केलास, म्हणतेय," जुई कुजबुजली. "तुला नाही म्हणत, बाबा."

"तादाइमा," असं उत्तर गेलं. ते मीच म्हणालो, असं मी नीलिमाला सांगितलं आहे. परतताना ट्रेनमध्ये जुई मला चिकटून बसली होती. बऱ्याच स्टेशनांनंतर तिने विचारलं की तू ते त्यांच्याकडच्यासारखं कसं म्हणालास, आमच्या शाळेतल्या उत्तरेकडच्या सरांसारखं. नीलिमा समोरच्या खिडकीत बघत होती. काचेत आम्ही तिघं दिसत होतो आणि ती मोजत होती, असं मला वाटलं.

सोमवारी संस्थेचा डबा आला. नीलिमाने तो टेबलावर ठेवला, उघडला, त्यातला फिका पांढरा भात पाहिला आणि झाकण लावलं. संध्याकाळी तिने तो अंबरीषला नेऊन दिला. मी हिराता-सानांना फोन करून सांगितलं की मी यातून बाहेर पडतो. फोनमागे फ्रीझरचं ते घुमणं ऐकू येत होतं. अभ्यासाच्या दृष्टीने वाईट झालं, असं त्या म्हणाल्या, आणि मग वेगळ्याच आवाजात म्हणाल्या की त्या बंदरात त्या गृहस्थांनी त्यांना चहा दिला होता, आणि चहाबरोबर काकडी.

ओनोदेरा-सानांनी जुईमार्फत निरोप पाठवला. नवा कोंडा आणा, मीठ घाला, बाकी काही नको. हात घालणाऱ्याने रोज घालावा, येणारे येतील. 'बाकी काही नको' हे त्यांनी दोनदा सांगायला लावलं. नीलिमाने हळदीचा डबा वरच्या फडताळात हलवला आणि स्वतः दुकानात जाऊन कोंडा घेऊन आली.

पहिले काही दिवस बरणी गार होती. काल धून वाजत असताना हात घातला तर तळाशी जराशी ऊब लागली. मी हात लगेच बाहेर काढला नाही.

जेवायला बसलो तेव्हा नीलिमाने पान वाढलं. भात, वरण, भाजी, आणि डावीकडे नव्या कोंड्यातल्या काकडीच्या चार चकत्या. ती उभी राहिली, पदर नसतानाही खांद्यावरून काहीतरी सारखं करत. माझ्याशी ती लग्नापासून अरे-तुरेत बोलते. या वेळी तिने माझ्या तोंडाकडे न बघता जरा खाली पाहिलं.

"त्यांना विचार," ती म्हणाली, "मीठ बरोबर झालंय का."

मी एक चकती खाल्ली आणि आम्ही दोघं वाट पाहू लागलो. थोड्या वेळाने गुरगुरलं.

"थोडं कमी आहे म्हणतात," मी म्हणालो. तिने मान डोलावली आणि मिठाची बरणी आणायला आत गेली.